पाऊस लागला की माद्या का उलटतात? पैदाशीच्या नर वराहावरील उष्णतेचा ताण आणि त्याचे निवारण

गोवा आणि कोकणातील वराहपालकांची एक तक्रार दरवर्षी जुलैच्या सुरुवातीस नेमाने कानावर येते. उन्हाळा कसाबसा निभावला, पाऊस लागला, शेडमधील हवा गार झाली, जनावरे पुन्हा पोटभर खाऊ लागली आणि नेमक्या त्याच वेळी जूनमध्ये फळवलेल्या (नराशी संकर केलेल्या) माद्या एकामागून एक उलटू लागल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या. ज्या गाभण राहिल्या त्यांच्याकडूनही ऑक्टोबरमध्ये दहा-अकराऐवजी सहा-सातच पिल्ले मिळतात. मग ओला झालेला भरडा, बदललेले खाद्य, जंत, मादीचे वय अशा एकेका कारणावर संशय घेतला जातो, औषधे दिली जातात आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत सारे आपोआप सुरळीत होते. श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळते आणि पुढच्या जुलैत तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

माझ्या मते या तक्रारीतील मुख्य चूक महिना ओळखण्यात होते. दोष जूनमध्ये शोधला जातो, पण तो मेमध्ये घडून गेलेला असतो. मादीत शोधला जातो, पण बरेचदा तो नरात असतो. मेमधील उष्णतेने नराच्या वृषणात जे बिघडते ते बाहेर दिसायला काही आठवडे लागतात, आणि तोवर हवा बदललेली असल्यामुळे उन्हाळ्याचे नाव कोणाच्या मनातही येत नाही.

तारखांचा हिशेब

नर वराहाच्या वृषणात मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार होण्यास सुमारे ३९ दिवस लागतात, आणि त्यानंतर तो शुक्राणू अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून, पुढे सरकत परिपक्व होण्यास आणखी साधारण १० दिवस जातात. म्हणजे १० जूनला मादीला मिळालेल्या शुक्राणूंची घडण २२ एप्रिलच्या सुमारास सुरू झालेली असते आणि त्यांच्या जडणघडणीचा जवळजवळ सगळा काळ कडक उन्हाळ्यात गेलेला असतो. उष्णतेचा सर्वाधिक फटका अर्धवट घडलेल्या पेशींना बसतो. अधिवृषणात पोहोचलेले शुक्राणू त्या मानाने वाचतात. म्हणूनच उष्णतेची लाट आल्या-आल्या वीर्य चांगलेच दिसते, सुमारे दोन आठवड्यांनी ते घसरू लागते, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सर्वांत वाईट असते आणि उष्णता संपल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पूर्वपदावर येते. मेअखेरीस हवा उतरली असे धरले, तरी नर पूर्णपणे सावरण्यास जुलैचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. ऑगस्टमध्ये सगळे आपोआप का सुधारते याचे उत्तर या हिशेबात आहे.

हाच हिशेब पुढेही चालवून पाहावा. १० जूनला फळवलेली मादी उलटल्याचे १ जुलैच्या आसपास कळते. गाभण राहिली, तर ११४ दिवसांनी, म्हणजे २ ऑक्टोबरच्या सुमारास विते. गोव्यात नाताळाला भाजण्यासाठी ज्या दोन महिन्यांच्या पिल्लांना मागणी असते, ती पिल्ले हवी असतील तर माद्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात फळवाव्या लागतात, आणि त्या आठवड्यातील वीर्याची घडण मेच्या मध्यावर सुरू झालेली असते. डिसेंबरमधील पिल्लांचा तुटवडा मेमधील पत्र्याखाली ठरतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी तारखा तेच सांगतात.

पावसाळ्यानंतरची उष्णताही विसरू नये. ऑक्टोबरमध्ये ऊन तापते, जमिनीत ओल असते आणि हवा दमट राहते. त्याचा परिणाम नोव्हेंबरमधील रेतनावर दिसतो. ज्यांच्याकडे वर्षातून दोनदा ही तक्रार येते, त्यांनी दुसरी तारीखही याच पद्धतीने मागे नेऊन तपासावी.

नरच अधिक का सापडतो

डुकराला घाम येऊन शरीर थंड करण्याची सोय जवळजवळ नाही. चिखलात लोळणे, गार जमिनीवर अंग पसरणे आणि धापा टाकणे एवढेच मार्ग त्याच्याजवळ असतात, आणि बंदिस्त शेडमध्ये त्यांतील पहिले दोन आपणच काढून घेतो. प्रौढ नराला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. सुमारे २७ ते २९ अंशांच्या पुढे, विशेषतः हवा दमट असल्यास, वीर्यावर परिणाम होऊ लागतो. किनाऱ्यावर मेमध्ये रात्रीचे तापमानही २६-२७ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही, त्यामुळे दिवसा साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकण्याची संधीच मिळत नाही. नागपूरचा नर दुपारी अधिक तापतो हे खरे. पण रत्नागिरीचा नर चोवीस तास तापलेला राहतो, आणि वृषणाच्या दृष्टीने हे सततचे तापणे कमी घातक नाही.

वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ३ अंशांनी कमी असावे लागते. बोकड किंवा मेंढ्याचे वृषण शरीरापासून दूर लोंबते. वराहाचे मात्र गुदद्वाराखाली, मांड्यांच्या मागे, अंगाला चिकटलेले असते, आणि तापलेल्या सिमेंटवर बसल्यास खालूनही शेकले जाते. त्यातच वराहाच्या शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असल्यामुळे उष्णतेने वाढणाऱ्या ऑक्सिडीकारक घटकांपुढे ते लवकर हार खाते.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल हे आपल्या किनारपट्टीसारखेच उष्ण आणि दमट ठिकाण आहे. तेथील जेम्स कुक विद्यापीठात लार्ज व्हाइट या पांढऱ्या जातीच्या नरांवर झालेल्या अभ्यासात डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचे प्रमाण कोरड्या ऋतूच्या सुरुवातीस, म्हणजे हिवाळ्यात, सुमारे १ टक्का, तर उन्हाळ्यात सुमारे १६ टक्के आढळले. शुक्राणूंच्या हालचालीत मात्र ऋतूनुसार तसा फरक दिसला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वीर्य जोमाने हलते आहे म्हणून नर निर्दोष आहे, असे म्हणणे त्यामुळे धाडसाचे ठरते. असा शुक्राणू बीजांडापर्यंत पोहोचतो, ते फलितही करतो, पण गर्भ पुढे टिकत नाही. मादीच्या गर्भाशयात १२ व्या दिवसाच्या सुमारास किमान चार गर्भ जिवंत नसतील, तर तिचे शरीर गर्भधारणेची नोंदच घेत नाही आणि ती माजावर परत येते. चारांहून थोडे अधिक टिकले, तर लहान वेत मिळते, म्हणजे एका वेळी थोडीच पिल्ले होतात.

आधी नक्की करा: उष्णताच आहे ना

केवळ महिना जुळतो म्हणून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक मादी कोणत्या नराकडून, कोणत्या तारखेला, किती वेळा फळवली आणि किती दिवसांनी उलटली, एवढी चार रकान्यांची नोंदवही असल्यास निम्मे निदान घरबसल्या होते. एकाच नराच्या माद्या उलटत असतील आणि दुसऱ्याच्या टिकत असतील, तर खाद्य किंवा माद्यांना दोष देता येत नाही. सगळ्या नरांच्या माद्या थोड्याफार प्रमाणात उलटत असतील, तर उष्णता किंवा सर्वांना लागू होणारे दुसरे कारण संभवते. १८ ते २४ दिवसांनी उलटलेल्या मादीत गर्भधारणा झालीच नाही किंवा गर्भ अगदी लवकर गेले. २५ ते ३५ दिवसांनी उलटल्यास गर्भ काही काळ टिकून मग नष्ट झाले असे समजावे. पुष्कळजण खात्रीसाठी एका मादीला दोन नर दाखवतात किंवा दोन नरांचे वीर्य एकत्र करून वापरतात. त्याने त्या वर्षीचे नुकसान कदाचित झाकले जाते, पण बिघडलेला नर कोणता हे कधीच कळत नाही. ही सवय मोडावी, असा माझा आग्रह आहे.

उष्णतेखेरीज जी कारणे हुबेहूब असेच चित्र उभे करतात, त्यांत पहिला क्रमांक तापाचा. खुरातील जखम चिघळून आलेला ताप असो, लाळ्या-खुरकूत असो, लसीनंतरचा ताप असो, वृषणाला तो बाहेरील उष्णतेइतकाच जाचतो आणि त्याचे परिणामही त्याच वेळापत्रकाने दिसतात. दुसरे कारण संसर्गाचे. वृषण सुजलेले, गरम, दुखरे किंवा एकच बाजू मोठी दिसत असेल, तर उष्णतेचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. पावसाळ्यात डासांमुळे पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराच्या विषाणूने नराच्या वृषणाला सूज येऊन तात्पुरते वंध्यत्व येऊ शकते, आणि ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग तर वीर्य व गर्भपाताच्या स्रावातून माणसालाही होतो, म्हणून अशा जनावराला हातमोज्यांशिवाय हाताळू नये. तिसरे कारण बुरशी लागलेल्या मक्याचे. त्यातील विषामुळे माद्यांची योनी सुजलेली दिसते, लहान माद्यांतही दिसते, आणि नर बदलूनही उलटणे थांबत नाही.

वीर्याची तपासणी मात्र टाळू नये. नर हाताने वीर्य देण्यास शिकलेला नसेल, तर हे काम आधी शिकवावे लागते आणि ते जानेवारी-फेब्रुवारीतच करावे. मेमध्ये नवा धडा देण्यात अर्थ नाही. निर्जंतुक मलमलीतून गोळीसारखा घट्ट भाग गाळून उरलेले वीर्य साधारण १५० ते ३०० मिलिलिटर भरते. ३७-३८ अंशांवर कोमट केलेल्या काचपट्टीवर निदान ७० टक्के शुक्राणू हालणारे आणि सदोष शुक्राणू २० टक्क्यांहून कमी असावेत. डोक्याचा आकार बिघडलेला, शेपटी गुंडाळलेली किंवा दुमडलेली, आणि मानेशी जीवद्रव्याचा थेंब चिकटून राहिलेला, असे शुक्राणू वाढलेले दिसले म्हणजे घडणीच्या काळात काहीतरी बिनसले असे निश्चित समजावे. एका तपासणीवर भिस्त न ठेवता एप्रिलच्या सुरुवातीस एक मूळ नोंद आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दर १५ दिवसांनी एक, अशी मालिका ठेवल्यास घसरण आणि सुधारणा दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

गारवा कसा द्यावा

येथे सर्वांत जास्त पैसा चुकीच्या ठिकाणी जातो. विदर्भ-मराठवाड्यात फॉगरचा धुरासारखा फवारा चांगला चालतो, कारण कोरडी हवा ते पाणी शोषून घेते आणि स्वतः थंड होते. तेच फॉगर पाहून आलेला कोकणातला शेतकरी आपल्या शेडमध्ये बसवतो, आणि आधीच सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या हवेत आणखी वाफ भरतो; थर्मामीटरचा पारा एखाद-दुसऱ्या अंशाने उतरतो, पण नराची धाप वाढते. किनाऱ्यावर हवा थंड करण्याचा नाद सोडून थेट कातडी ओली करावी आणि तिच्यावरून वारा वाहता ठेवावा. मानेवर व खांद्यावर मोठ्या थेंबांचे पाणी दोन-तीन मिनिटे सोडावे, मग पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवून पंख्याच्या वाऱ्याने ते सुकू द्यावे, आणि हे चक्र सकाळी दहापासून सूर्यास्तानंतरही चालू ठेवावे. पंख्याशिवाय नुसते पाणी टाकल्यास जमीन सतत ओली राहते, खूर मऊ पडतात, नर लंगडू लागतो. आणि लंगडा नर मादीवर चढत नाही, म्हणजे एक दुखणे घालवून दुसरे आणले जाते. रात्री पंखा बंद करून वीज वाचवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण साठलेली उष्णता उतरण्याची वेळ तीच असते.

छपराचा विचार पंख्याच्याही आधी व्हायला हवा. तापलेला पत्रा वरून जी उष्णता फेकतो ती हवेच्या तापमानात मोजली जात नाही, पण नराच्या पाठीला जाणवते. पत्र्यावर नारळाच्या झावळ्या किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर, नाहीतर निदान चुन्याचे दोन हात, हा स्वस्त उपाय मार्चअखेरीस करून टाकावा. पेंढा वापरल्यास आगीची काळजी घ्यावी आणि विजेची तार त्याला लागून नसावी. नराचा कप्पा पश्चिमेकडील भिंतीला लागून असेल, तर उन्हाळ्यापुरता तो बदलावा. मधल्या कप्प्यात मादी ठेवून कडेच्या तापत्या कोपऱ्यात नराला कोंडणे ही आपल्याकडील नेहमीची व्यवस्था आहे आणि ती नेमकी उलटी आहे. गोऱ्या कातडीच्या लार्ज व्हाइट यॉर्कशायरला उघड्या उन्हात सोडल्यास कातडी भाजते. गोव्यातील आगोंद गोवन या स्थानिक काळ्या जातीला हा त्रास कमी आणि तिची तिथल्या हवेशी सवयही जुनी. पण तिची वेतेही लहान असतात, त्यामुळे केवळ उष्णतेच्या भीतीने जात बदलण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही.

लोळण्यासाठी उथळ हौद बांधणे नराला सर्वाधिक आवडते आणि ते परिणामकारकही आहे. अट एकच, की पाणी रोज बदलले पाहिजे. साचलेल्या, मुतलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरासारखे रोगजंतू टिकतात, आणि घाण पाण्याने शिश्नाच्या आवरणात संसर्ग होऊन तो वीर्यात उतरतो. रोज बदलणे शक्य नसेल तर हौद नसलेला बरा.

पाणी आणि खाद्य

प्रौढ नराला उन्हाळ्यात दिवसाला १५ ते २० लिटर पाणी सहज लागते. पाणी पिण्याच्या तोटीतून (निपलमधून) मिनिटाला निदान दोन लिटर पाणी येते का, हे बादली लावून मोजावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुपारी तीन वाजता त्या पाण्यात हात घालून पाहावा. छतावरची काळी टाकी आणि उन्हात पडलेली काळी नळी यांतून येणारे पाणी अनेकदा अंघोळीच्या पाण्याइतके गरम असते, आणि ते नर पीत नाही. टाकीवर सावली आणि नळी वीतभर जमिनीखाली, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

खाद्य पचवतानाही शरीर तापते. म्हणून सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतर असे दोन वेळा द्यावे, दुपारी देऊ नये. उन्हाळ्यात कोंड्याचे प्रमाण थोडे कमी करून ऊर्जेचा काही भाग तेलातून दिल्यास चालते. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांचा शुक्राणूंच्या संरक्षणाशी थेट संबंध आहे, पण सेलेनियम थोडे अधिक झाले तरी विषारी ठरते. ते खनिज मिश्रणात आधीच असते, वरून पुडी टाकण्यापूर्वी पिशवीवरील प्रमाण वाचावे. याहून अधिक टॉनिकांवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा पंख्यात घालावा.

रेतनाचे नियोजन

उष्णतेचे नुकसान पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून ते येणारच असे धरून मे ते जुलैचे रेतन आखावे. रेतन पहाटेच उरकावे. एका प्रौढ नराकडून आठवड्यात दोनदापेक्षा अधिक काम घेऊ नये, वर्षाच्या आतील नराकडून एकदाच घ्यावे. त्याला महिनाभर पूर्ण विश्रांती देणेही उपयोगाचे नाही, कारण जुने सदोष शुक्राणू बाहेर पडत नाहीत. आठवड्यातून एकदा वीर्य काढून टाकणे अधिक श्रेयस्कर. जूनमध्ये फळवायच्या माद्यांसाठी शक्य असल्यास विश्वासू कृत्रिम रेतन केंद्रातून वीर्यमात्रा आणाव्यात. त्या १५ ते १८ अंशांत राहिल्या पाहिजेत. घरगुती फ्रिजच्या थंडीत शुक्राणूंना शीतधक्का बसतो आणि दुचाकीच्या डिकीत ते भाजून निघतात. वीज गेल्यावर डबा किती तास तापमान धरतो हे आधी एकदा रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून तपासून ठेवावे.

लाळ्या-खुरकूत आणि स्वाइन फीव्हरच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकल्यास तापाचा भार उन्हाळ्यावर पडत नाही. लस टाळण्याचा मात्र विचारही करू नये. नवा नर एप्रिल-मेमध्ये विकत घेऊ नये. घ्यावाच लागला, तर वाहतुकीचा ताण आणि उष्णता दोन्ही त्याच्या अंगावर असतात. विलगीकरण संपले तरी सहा ते आठ आठवडे उलटून वीर्य तपासल्याखेरीज त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

नर कोसळण्याच्या बेतात असेल तेव्हा

वंध्यत्वाच्या आधी जीव. नराची श्वासगती स्वस्थ असताना मिनिटाला वीसच्या आसपास असते. ती चाळीसच्या वर गेली की ताण सुरू झाला असे समजावे. तोंड उघडून धापा टाकणे, लाळ गळणे, उभे राहताना झोकांड्या जाणे आणि गुदद्वारातील तापमान ४० अंशांच्या वर जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. फार तापलेल्या शरीरात रक्त कातडीकडे वळते, आतड्याला ते कमी पडते, आतड्याचे अस्तर सैल होऊन जंतूंची विषे रक्तात उतरतात. म्हणून उष्णतेतून वाचलेला नर पुढे काही दिवस मलूल राहतो आणि दुसऱ्या रोगांना लवकर बळी पडतो. अशा नराला चालवत दूर नेऊ नये. जागीच सावली करावी, मानेपासून मागे साधे गार पाणी सावकाश सोडावे, पंखा लावावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे. बर्फाचे पाणी एकदम ओतू नये, कारण कातडीतील रक्तवाहिन्या आक्रसून आतली उष्णता आतच अडकते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाते. तापमान ३९.५ अंशांपर्यंत उतरले की पाणी थांबवावे. त्या दिवसाची तारीख नोंदवहीत लिहावी आणि पुढील आठ आठवडे त्या नराकडून फळवलेली कोणतीही मादी गाभण धरून चालू नये.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील तपासणीत वीर्य सुधारलेले नसेल, तर १५ दिवसांनी पुन्हा पाहावे. तेव्हाही सदोष शुक्राणूंचे प्रमाण तेवढेच असेल, किंवा वृषण चाचपताना लहान आणि कडक लागत असेल, तर दोष उष्णतेचा राहिलेला नाही किंवा वृषणाची झालेली हानी भरून येणारी नाही; अशा नराला पैदाशीतून काढून त्याची जागा ऑक्टोबरची उष्णता सुरू होण्यापूर्वी भरावी.